सारखं वाटलेलं औषध

सातारा, ९ ऑक्टोबर १९४६

चि. लाला,

कोयनेच्या डोहातून वर आलास की तू मान वाकडी करून एका पायावर उड्या मारायचास. कानातलं पाणी निघेना म्हणून मी काठावरचा उन्हानं तापलेला गोटा उचलून तुझ्या कानाशी धरायची. पाणी गळून गोट्यावर काळा डाग पडला की "निघालं गं आक्का!" म्हणून ओरडायचास आणि लगेच पुन्हा पाण्यात उडी. मी दुसरा गोटा तापला का ते बघत बसायची. मलकापूरचे ते उन्हाळे मला एरवीही आठवतात, पण हल्ली जास्तच आठवतात. घरात सध्या कान हाच एक विषय आहे.

पांचगणीच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी आम्हांला पत्राची रीत शिकवली होती. आधी समोरच्याची प्रकृती विचारायची, मग हवापाणी, आणि आपलं काम अगदी शेवटी. सहा वर्षांनी लिहिताना मला ती रीत पाळवत नाही. काम आधी सांगते. हरणाचा कान वाहतो आहे. लहानपणापासून अधूनमधून वाहायचाच, पण या पावसाळ्यात कानामागे सूज आली, ताप येतो, उभी राहिली की भिंत धरते. इथले डॉक्टर म्हणाले, कानामागचं हाड किडलं आहे, कोरून काढावं लागेल, आणि हे काम सांगलीला तुमच्या भावाखेरीज या बाजूला कुणी करत नाही.

म्हणून लिहिते आहे. नाहीतर लिहिलं नसतं.

तू तिला शेवटचं पाहिलंस ते तुझ्या मुलीच्या लग्नात. जतच्या धनगराची पोर मी पोटच्या पोरीसारखी वाढवली हे तुमच्या घराला कधी रुचलं नाही. आपल्या मलकापूरच्या रानात मेंढरं बसवायला आलेला जोतीराम, त्याची बायको रानातच तापानं गेली आणि त्यानं ही दोन वर्षांची पोर माझ्या ओट्यावर ठेवली, हे सगळं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. तरी लग्नात तुझ्या बायकोनं, सगुणानं, तिचं पान मागच्या अंगणात, गड्यांच्या पंगतीला मांडलं. तू दारात उभा होतास. तू पाहिलंस आणि पाहुण्यांना जिलबीचा आग्रह करायला निघून गेलास. मी पानावरून उठले ती उठलेच. त्याची माफी मी मागणार नाही, आणि तूही आत्ता मागू नकोस, त्यात वेळ जाईल.

हरणा आता इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. नवरा आप्पासो पलटणीतून गेल्या वर्षी परत आला. तो तिला घेऊन येईल. पडवीत घसरून मांडीचं हाड मोडल्यापासून मला काठीशिवाय चालता येत नाही, म्हणून मी येऊ शकत नाही. परवा तिला विचारलं, कसं वाटतंय, तर म्हणते, "अव्वा, कानात भुंगा भाड्यानं राहिलाय. भाडं देत न्हाई आन् जागाबी सोडत न्हाई."

काय आणावं लागेल ते उलट टपाली कळव.

तुझी
आक्का


सातारा, २९ ऑक्टोबर १९४६

चि. लाला,

तुझ्या हाताला यश आलं. आप्पासोचं कार्ड काल मिळालं. ताप उतरला, चक्कर कमी, दूधभात खाल्ला. डोक्याला एवढं मोठं बांधलंय की हरणा म्हणते, "मला फेटा बांधलाय, आता घोडं आणा."

उलट टपाली आलेलं तुझं पत्र मी किती वेळा वाचलं असेल. तू काहीही न लपवता लिहिलंस. कान आणि मेंदू यांच्यामध्ये कवटीच्या तळाचं हाड असतं, ते मुळातच पापडासारखं पातळ, आणि हिचं तर आतून कुरतडलेलं. पू तिथून वर गेला तर माणूस हातचा जातो. म्हणून नुसतं कोरून भागणार नाही, हे नवं पेनिसिलीन पाहिजे. "दर तीन तासांनी, रात्रंदिवस, आणि ताप उतरल्यावरही थांबायचं नाही, आक्का. अर्ध्यावर सोडलं तर उरलेले जंतू दुप्पट माजतात. तेव्हा बाटल्या कमी पडू देऊ नकोस." हे तुझं वाक्य आहे. मी ते फ्रेनीला जसंच्या तसं कळवलं. कॉन्व्हेंटात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची ती फ्रेनी. तिच्या नवऱ्याची मुंबईत औषधांची पेढी आहे. तिनं कुठून कशा मिळवल्या मला माहीत नाही, पण तू सांगितल्यापेक्षा दोन जास्तच बाटल्या बर्फाच्या थर्मासात घालून माणसाबरोबर पाठवल्या. बर्फ वितळला नव्हता ना?

हरणानं आप्पासोकडून एक ओळ लिहवली आहे. "मामांचे हात अव्वासारखे आहेत, बोटं तशीच वाकडी." तिनं तुला मामा म्हटलं तेव्हा तू काय म्हणालास ते तिनं लिहिलं नाही. मीही विचारत नाही. सगुणानं दिवाळीला तिच्यासाठी फराळाचं ताट धाडलं, तेही कळलं. तिला माझा आशीर्वाद सांग.

त्या लग्नापासून मला कुणी नुसती "आक्का" अशी हाक मारलेली नाही. तुझ्या पत्रात तो शब्द तीन ठिकाणी होता.

तुझी
आक्का


सातारा, १४ नोव्हेंबर १९४६

लाला,

हरणा घरी आली. तू जखम भरली म्हणून पाठवलीस. जखम भरली आहे, वरून. तीन दिवस तिनं अंगणात बसून पोरींच्या वह्या तपासल्या. काल सकाळपासून डोकं धरून बसली आहे. उजेड सोसत नाही, खिडकीला चादर लाव म्हणते. ताप आहे.

आप्पासोला मी विचारलं, सुया किती दिवस दिल्या? तो माझ्याकडे बघेना.

"दिल्या की."

"किती दिवस, आप्पासो?"

"दोन. तिसऱ्याला ताप उतरला तवा बंद केल्या."

"आणि बाटल्या? त्या तर ढीगभर होत्या."

"मी इचारलं व्हतं, आक्कासाब. कंपौंडर म्हनला, दवाखान्यातलं औषध डाक्टरसाहेबांच्या हुकमानं चालतं, तू पलटणीत हुकूम मोडत हुतास काय? मी म्हनलो, औषध दवाखान्याचं न्हाई, आमच्या घरनं आलंय. तर म्हनला, कपाटात गेलं म्हंजी दवाखान्याचं."

कुणाला दिल्यास? सांगलीतल्या कोणत्या पेढीवाल्याला, कोणत्या जहागीरदाराला, कोणाच्या जावयाला? सगुणाच्या माहेरचं कोण आलं होतं? धनगराच्या पोरीला दोन दिवस पुष्कळ झालं, असं ठरवलंस का? मागच्या अंगणातलं पान तिच्यापुढे तू दुसऱ्यांदा मांडलंस, आणि मी मूर्ख, तुला आशीर्वाद लिहीत बसले होते.

हे पत्र घेऊन आप्पासो स्वतः येतो आहे. उरलेल्या बाटल्या त्याच्याबरोबर दे. एक शब्द न बोलता दे.

आक्का


सातारा, १८ नोव्हेंबर १९४६

लाला,

आप्पासो रिकाम्या हातानं आला. एकही बाटली शिल्लक नाही म्हणतोस. तुझं पत्र वाचलं. माझा तर्क चुकला हे कबूल करते. तू त्या कुणा बड्या माणसाला दिल्या नाहीस. तू त्या वाटल्यास.

हरणा धरून शस्त्रक्रिया झालेली पाच माणसं वॉर्डात होती, सगळ्यांना सारख्या सुया दिल्या, खबरदारी म्हणून. पुढे लिहितोस, "मी जात पाहिली नाही, ऐपत पाहिली नाही, बाटल्या कुणाच्या पैशांच्या तेही पाहिलं नाही. दुष्काळात बाबांनी पेव उघडलं तेव्हा प्रत्येक दारी एकच अधोली ज्वारी दिली, माणूस बघून माप भरलं नाही. त्यांचा मुलगा म्हणून मला तेच सुचलं. तुला माझा अभिमान वाटायला हवा होता."

अभिमान!

ती अधोली मलाही आठवते. मापावरची शीग तू तळहातानं सपाट करायचास आणि मी दारोदारी नावं विचारायची. ज्वारी होती ती, लाला. अर्धी भाकरी खाल्ली तर माणूस उद्या सकाळपर्यंत तग धरतो, आणि उद्या पुन्हा अर्धी मिळते. हे औषध अर्धं दिलं तर काय होतं ते मला कुणी सांगितलं? तूच सांगितलंस. तुझं पत्र समोर ठेवून लिहिते आहे. "उरलेले जंतू दुप्पट माजतात." हे लिहिणारा हात आणि कपाट उघडून पाच वाटे करणारा हात एकच ना? वाकडी बोटं माझ्यासारखीच ना?

त्या पाच जणांत कोण होतं तेही तू लिहिलंस, मोठ्या मनानं. एक अंतर्गळाचा. एक मूळव्याधीचा. एकाच्या पाठीवरची चरबीची गाठ काढलेली. या तिघांच्या अंगात पूच नव्हता. त्यांना कसली खबरदारी? मूळव्याधीच्या माणसाला तू हरणाच्या मेंदूचं औषध टोचलंस आणि म्हणतोस मी सर्वांना समान लेखलं. उरला तो हळदीच्या पेठेतला हमाल, कोंडीबा, ज्याच्या कपाळाच्या हाडात पू झाला होता. त्याला खरोखर गरज होती. त्यालाही अपुरंच दिलंस. म्हणजे ज्यांना नको होतं त्यांना तू दिलंस, आणि ज्या दोघांना हवं होतं त्या दोघांना पुरू दिलं नाहीस. तुझ्या तराजूला दोन्ही पारडी सारखी दिसली की झालं. पारड्यात माणूस आहे का प्रसाद, बघायला नको.

आणि एक सांगते, ऐक. वेगळं वागवू नये अशी एकच वेळ तुझ्यावर आली होती, ती तुझ्या मांडवात. तिथं सगळ्यांना एका रांगेत बसवायचं होतं. तिथं बाबा तुला आठवले नाहीत. जिथं एकाच्या ताटात सगळं घालावं लागतं, तिथं तुला पंगत आठवली. दोन्हीही वेळा हरणाच उपाशी राहिली.

तू लबाड असतास तर मला सोपं झालं असतं. लबाड माणसाला शिव्या देऊन गप्प बसता येतं. तू मात्र त्या रात्री शांत झोपला असशील. आपण फार चांगलं काम केलं असं वाटून झोपला असशील. त्याचाच मला जास्त राग येतो.

इथे काय चाललंय तेही सांगते. इथले डॉक्टर दिवसातून दोनदा येतात. मान ताठली आहे, हनुवटी छातीला टेकत नाही. सल्फाच्या गोळ्या देतात, त्या ती ओकते. मध्येच शुद्धीवर येते. काल मला म्हणाली, "अव्वा, मामांवर चिडलीस व्हय? नगं चिडू. भुंगा माझा हुता, मामांनी काय बोलावला न्हाई." मी तिला नाही चिडत म्हटलं. खोटं म्हटलं.

फ्रेनीला तार केली आहे. बाटल्या मुंबईहून निघतील. तू यायचं म्हणतोस. येऊ नकोस. तुझ्याकडे औषध नाही, आणि नुसता तू मला आत्ता उपयोगाचा नाहीस.

शालिनी


सातारा, २१ नोव्हेंबर १९४६

लाला,

हरणा काल दुपारी गेली.

बाटल्या आज आल्या.


सातारा, ४ डिसेंबर १९४६

लाला,

तुझी दोन्ही पत्रं आली. पहिलं फोडलं आणि पुढं वाचवेना, म्हणून दुसरं फोडलं नाही. सगुणा दारापर्यंत येऊन गेली, तिला मी आत घेतलं, चहा दिला. ती रडली. मी तिला रडू नको म्हटलं नाही, पण पाठीवर हात ठेवला. तिच्याबरोबर हे पत्र देते आहे, म्हणजे टपालाची वाट बघायला नको. यात लिहिलेलं घाईचं आहे.

आप्पासोला सांगलीत पेठेतला एक माणूस भेटला, त्याच्याकडून कळलं की कोंडीबाला पुन्हा ताप भरलाय, डोळा सुजून मिटलाय आणि तो तुझ्याच दवाखान्यात परत आला आहे. कोंडीबाची बायको हरणाच्या खाटेशी बसायची. हरणाला वेणी घालता यायची नाही, तर पट्टीखालून निघालेले केस ती बोटांनी सारखे करायची, असं आप्पासो सांगतो. मी तिला पाहिलेलं नाही.

फ्रेनीनं धाडलेल्या बाटल्या मी बर्फ बदलत ठेवल्या आहेत. कशासाठी ठेवते आहे हे माझं मला कळत नव्हतं. इथले डॉक्टर म्हणाले, इस्पितळाला द्या, पुष्कळांच्या उपयोगी पडतील. पुष्कळांच्या हा शब्द ऐकून मी थर्मासवर हात ठेवला. तेव्हा आप्पासो ओट्यावरून आत आला. तेरा दिवस तो माझ्याशी धड बोललेला नव्हता.

म्हणाला, "त्या कोंडीबाला द्या."

"सगळ्या?"

"समद्या. एक बी दुसऱ्याला न्हाई. वाटायच्या आसतील तर मी नदीत टाकतो, पर वाटू देनार न्हाई."

"आणि तुझ्या मनाला चालेल? त्याच्या सुया तिच्या वाट्यातूनच गेल्या होत्या."

"त्यानं मागितल्या हुत्या का? त्यो बिचारा खाटंवर पडलेला." मग म्हणाला, "हरणीच्या वाट्याच्या हायेत. ती माझी हाय. मी सांगतो त्याला द्या."

तेव्हा कुणाला काय, ते आता सांगते.

बाटल्या सगळ्या कोंडीबाला. आप्पासो थर्मास घेऊन येतो आहे. थर्मास तुझ्या कपाटात जाणार नाही, तो कोंडीबाच्या खाटेखाली राहील आणि आप्पासो खाटेशी राहील. त्याला बाहेर जा म्हणू नकोस. तीन-तीन तासांनी, रात्रंदिवस, ताप उतरल्यावरही. सुया कंपौंडरनं द्यायच्या नाहीत, तू स्वतः द्यायच्यास, रात्रीच्याही. त्या वेळात अंतर्गळाचा राजा आला तरी त्याला बाटली नाही.

शस्त्रक्रियेआधी हरणाच्या कानातल्या बुगड्या काढून तुझ्या कपाटात ठेवल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत. त्या आप्पासोच्या हातात दे. तो काही विचारणार नाही, तूही काही सांगू नकोस.

तिची पुस्तकं आणि कपाट शाळेला गेलं. तिच्या अंगावरची घोंगडी तिच्या बापाची, जोतीरामची, विणलेली होती. तो जतहून आला होता. मेंढरं मध्येच वाटेवर दुसऱ्याच्या हवाली करून आला आणि दोन दिवसांत परत गेला. घोंगडी त्याला दिली. जाताना म्हणाला, "तुमी लय केलंसा, बाई." मला ते ऐकवलं नाही.

सगुणाला हरणाची इरकली साडी दिली आहे. तिनं घ्यायला हात पुढे केला नाही, मी मांडीवर ठेवली. फराळाच्या ताटाची परतफेड म्हणून देत नाही. हरणाला सगुणाच्या करंज्या आवडल्या होत्या आणि ती काहीतरी द्यायचं म्हणत होती, म्हणून.

बाबांच्या वाटणीतलं मलकापूरचं घर आणि माझं जे काही असेल ते माझ्यामागे आप्पासोचं. वकिलाकडे कागद झाला आहे. मला अग्नीही तोच देईल. हे तुला लोकांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

माझ्याकडून तुला द्यायचं काही उरलं नाही. मी शोधून पाहिलं. कोंडीबा वाचला तर त्याची बायको तुझ्या पाया पडेल, तुम्ही देव आहात म्हणेल. ते तुझं. तिला थांबवू नकोस, मान खाली घालून उभा राहा आणि घे.

शालिनी